उभी लादी, आडवी लादी

पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रकमधून बर्फाच्या लाद्या उतरू लागल्या की एक ओरड कानावर येतेच : "आडवी आपटू नको रे, मोडेल!" फळीवर उभी सरकवलेली लादी सहसा दगा देत नाही. तीच दोन क्रेटांवर आडवी पडून मध्ये दणका बसला, की दोन तुकडे. बर्फ दाबून चिरडायला कठीण, वाकवून मोडायला सोपा. जेटीवरच्या पोराला कळलेली ही गोष्ट, गोठणाऱ्या समुद्रात तेलाचे मंच उभारणाऱ्यांना बरेच हात पोळून घेत शिकावी लागली. बर्फाने हात पोळतात, हेही जेटीवर सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या बॉम्बे हायवर १९७४ साली 'सागर सम्राट' या खोदकामाच्या फिरत्या मंचाने पहिली विहीर खोदली. तिथले मंच म्हणजे पोलादी नळ्यांचे उंच सांगाडे. नळ्यांना तिरके आडवे जोड, मधून लाट आरपार जाते. पावसाळी दर्याला हा उपाय चांगला. समुद्र गोठला की मात्र याच जोडांत बर्फ अडकतो, साचतो आणि सगळा सांगाडा एखाद्या भिंतीसारखा रेटा खातो. म्हणून अलास्काच्या कुक इनलेटमध्ये १९६०च्या दशकात जे मंच बांधले, त्यांच्या पायांना पाण्याच्या पातळीपाशी तिरके जोड ठेवलेच नाहीत. चीनच्या बोहाई समुद्रात १९६९ साली बर्फाच्या रेट्याने एक मंच चक्क कोसळला. बोहाई काही ध्रुवाजवळ नाही, बीजिंगच्या शेजारीच आहे.

रेटा असतो तरी किती? १० मीटर रुंदीचा खांब आणि त्यावर चालून येणारा १ मीटर जाडीचा बर्फ घ्या. बर्फ चिरडताना दर चौरस मीटरला दीडशे टनांचा दाब धरला, तर एकूण दीड हजार टन झाले. पंचवीस टनांचे साठ भरलेले ट्रक एका खांबाला आडवे टेकून ढकलताहेत, असे समजा. बर्फाचे वयही पाहावे लागते. नव्या समुद्री बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे असतात, त्यामुळे तो जरा भुसभुशीत. उन्हाळे काढून जुना झालेल्या बर्फातले मीठ झिरपून जाते आणि तो आपल्या गोड्या पाण्याच्या लादीसारखा टणक होतो.

पण नुसत्या जोरापेक्षा मला भीती वाटते ती थरथरीची. फळ्यावर खडू उभा धरून पुढे ढकला, तो टकटक उड्या मारत ठिपक्यांची रेघ काढतो. खांबाचेही तसेच. हळू येणारा बर्फ त्याला किंचित वाकवतो, मग बर्फ फुटतो, खांब झटक्यात मागे येतो, पुन्हा वाकतो. बर्फाच्या फुटण्याची लय खांबाच्या स्वतःच्या लयीशी जुळली की हादरे थांबत नाहीत. १२ एप्रिल १९८६ रोजी कॅनडाच्या उत्तरेला, बोफर्ट समुद्रात 'मोलिकपाक' या मंचाने हे अनुभवले. पोलादी कडे आणि पोटात वाळू, अशी त्याची रचना. जुन्या बर्फाचा मोठा तुकडा येऊन भिडला आणि सगळा डोलारा थरथरू लागला. ओहोटीला ओल्या पुळणीवर एकाच जागी पाय थोपटत राहिलात तर वाळू पातळ होऊन पाय रुततो ना? त्याच्या पोटातल्या वाळूचे काही भागात तसेच होऊ लागले. मंच वाचला. १९९८ साली तो रशियाच्या साखालिनला नेला आणि पुढच्या वर्षी तिथे त्यावरून तेल काढू लागले.

थरथरीवरचा उपाय खडूच सुचवतो : तिरका धरा. खांबाला पाण्याच्या पातळीपाशी शंकूसारखा घेर दिला, की बर्फ त्यावर चढतो, वाकतो आणि स्वतःच्याच वजनाची मदत घेत मोडतो. चिरडण्यापेक्षा कितीतरी कमी जोरात काम होते. कॅनडातल्या १२.९ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलाच्या खांबांना (पूल १९९७चा) असे शंकू आहेत. बोहाईतल्या काही मंचांनाही नंतर ते बसवले, तेही दुहेरी : एक वर निमुळता, एक खाली. भरती-ओहोटीने पाणी वरखाली झाले तरी बर्फाला उतारच भेटावा म्हणून. फुकट मात्र काहीच नाही. मोडलेले तुकडे उतारावर ढीग करून बसतात आणि त्यांचे ओझे हिशेबात धरावेच लागते. शिवाय घेर वाढला की उन्हाळ्यातल्या लाटांचा मारही वाढतो.

हिमनगापुढे हे सगळे फोल. तो वाकत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या 'हायबर्निया' या तेलाच्या मंचाला म्हणून सिमेंट काँक्रीटची जाडजूड भिंत आणि भोवती १६ दाते आहेत. दहा लाख टनांचा हिमनग आदळला तरी इजा होऊ नये, असा हिशेब. तरीही तिथे आदळण्याची वाट कोणी पाहत बसत नाही. हिमनग दूर असतानाच बोट त्याच्याभोवती फिरून, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) टाकावी तसा, तरंगता दोर टाकते, दोराचे टोक पुन्हा उचलते आणि कित्येक तास ओढत त्याची वाट थोडीशी वळवते.