पोटावर उठलेला वळ

मोटारीत सुरुवातीला आलेला सीटबेल्ट, म्हणजे सीटचा पट्टा, विमानातल्यासारखाच होता, फक्त कमरेपुरता. 1950च्या दशकात अमेरिकेत तो ज्यादा पैसे मोजून बसवून घेता येत असे. गाडीबाहेर फेकलं जाणं त्याने टळलं, पण वाचलेल्यांपैकी काहींच्या पोटात वेगळ्याच जखमा सापडू लागल्या. 1956 मध्ये कुलोव्स्की आणि रोस्ट यांनी पट्ट्यामुळे पोटाच्या आत झालेल्या इजेची नोंद केली. 1962 मध्ये गॅरेट आणि ब्राउनस्टाइन यांनी अशा इजांना ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ हे नाव दिलं. डॉक्टर आजही तेच नाव वापरतात.

पट्टा बसायला हवा मांड्यांच्या अगदी वर, कंबरेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या हाडांवर. ही हाडं मोठा धक्का सोसतात. पण माणूस घसरून, रेलून बसला असेल तर गाडी आदळताच शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटावर चढतो. पुढे पट्टा, मागे मणका, मधे आतडं. ते चिरडतं, फाटतं, किंवा त्याला रक्त पोचवणारा पडदाच तुटतो. शरीर पट्ट्यावर दुमडलं की कंबरेचा मणकाही आडवा उकलू शकतो. मणक्याचं असं मोडणं ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञ चान्स यांनी 1948 मध्येच टिपलं होतं. त्याचा पट्ट्याशी संबंध पुढे 1960च्या दशकात जुळला.

1959 मध्ये व्होल्वो या मोटार कंपनीच्या निल्स बोलिन यांनी कमरेबरोबर खांद्यावरूनही येणारा, तीन ठिकाणी अडकवलेला ‘तीनबिंदू’ पट्टा आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तरी मागच्या सीटवर, विशेषतः मधल्या जागी, नुसता कमरपट्टाच अनेक वर्षं राहिला. अमेरिकेत नव्या गाड्यांमधून तो पूर्णपणे जायला 2007 साल उजाडलं. याची झळ मुलांना जास्त बसली, हे मला फार खुपतं. त्यांची कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे पट्टा सहज वर सरकतो. बूस्टर सीट मुलाला उंच बसवते ती यासाठीच.

पोटावर आडवा वळ दिसला की डॉक्टर सावध होतात. आतड्याला पडलेलं भोक पहिल्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतं, आणि दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वाढतं. म्हणून असा वळ असलेल्या रुग्णाला बरं वाटत असलं तरी लगेच घरी न सोडता त्याचं पोट पुन्हा पुन्हा तपासतात.