वीस मेगापिक्सेल आणि सहा मिलिमीटर

खिशात मावणारा स्वस्त डिजिटल कॅमेरा शोधायला निघालं की दोन नावं वारंवार समोर येतात: कॅननचा इक्सस १८५ आणि सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ८३०. सोनीचा २०१४ सालचा, कॅननचा २०१७ चा. दोन्ही आता बहुतेक वापरलेलेच मिळतात. खोक्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर निवडायचं काय, असाच प्रश्न पडतो. दोन्हीकडे २० मेगापिक्सेल, ८ पट झूम, २.७ इंचांचा पडदा, ७२० रेषांचा व्हिडिओ, एका चार्जिंगमध्ये साधारण २१० फोटो आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजन. जुळी भावंडंच म्हणायची. तरी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत जिथे एक कामाला येतो तिथे दुसरा हात टेकतो. कारण खोक्यावरच असतं, पण बारीक अक्षरात.

मेगापिक्सेलचा आकडा मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो, म्हणून आधी त्याचा निकाल लावू. दोन्ही कॅमेऱ्यांत १/२.३ इंच या मापाची सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारा जुन्या पद्धतीचा सेन्सर आहे. या मापावर जाऊ नका, ते जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलेलं आहे. प्रत्यक्षात सेन्सर ६.१७ मिलिमीटर रुंद आणि ४.५५ मिलिमीटर उंच, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून जरासा मोठा. एवढ्या जागेत आडवे ५१५२ आणि उभे ३८६४ पिक्सेल बसवले की एकेकाच्या वाट्याला १.२ मायक्रॉन येतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला सव्वा भाग.

आता प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो, यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे दूरवरच्या एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. तिचा व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले लेन्सचा एफ-आकडा (हा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. सोनीची लेन्स झूम न करता एफ/३.३ असते, तेव्हा चकती ४.४ मायक्रॉनची होते. पूर्ण झूमला ती एफ/६.३ होते आणि चकती ८.५ मायक्रॉनवर जाते. कॅनन एफ/३.२ पासून एफ/६.९ पर्यंत जातो, म्हणजे पूर्ण झूमला ९.३ मायक्रॉन. पिक्सेल १.२ चा आणि चकती नवाची! एका ठिपक्याचा प्रकाश सात-आठ पिक्सेलांच्या रुंदीवर सांडतो. भिंग कितीही निर्दोष घासलेलं असो, सोनीवर झाइस या जर्मन भिंगकंपनीचं नाव असो, ही मर्यादा काचेची नाहीच.

म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांत फोटोचा आकार १० मेगापिक्सेलवर आणून ठेवावा. तपशिलात डोळ्याला फरक दिसत नाही, कार्डावर फोटो मात्र जवळपास दुप्पट मावतात. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला तर १८०० गुणिले १२००, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात.

झूमची गंमत अशीच. कॅनन ‘२२४ मिलिमीटर’ सांगतो, सोनी ‘२००’. हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मशी तुलना करून काढलेले असतात, लेन्सची खरी नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) ४० आणि ३६ मिलिमीटर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दीडशे मीटरवर काळवीट उभं आहे असं समजा. खांद्यापर्यंत त्याची उंची साधारण ८० सेंटिमीटर. कॅननच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा ०.२१ मिलिमीटरची पडते, सोनीच्या सेन्सरवर ०.१९ ची. पिक्सेलांत मोजलं तर साधारण १७८ आणि १६०. फरक अठरा पिक्सेलांचा, आणि वरची चकती हिशेबात धरली तर दोन्हीकडे त्या काळविटाच्या उंचीत जेमतेम वीस-पंचवीस वेगळे ठिपके उरतात. शिंगांचा पीळ दोघांनाही दिसणार नाही. माळढोक तर लांबच राहिला. पक्षी टिपायला यातला कोणताही घेऊ नये.

रुंद बाजूचा फरक याउलट खरोखर कामाचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सोनीची लेन्स २५ पासून सुरू होते, कॅननची २८ पासून. तीन मीटरवर उभं राहून घरातल्या मंडळींचा फोटो काढायचा तर सोनीत ४.१ मीटर रुंदी मावते आणि कॅननमध्ये ३.७. चाळीस सेंटिमीटर म्हणजे कडेला उभी असलेली एक आत्या. मागे भिंत असेल आणि सरकायला जागा नसेल तेव्हा हेच चाळीस सेंटिमीटर लागतात. फक्त सोनीत कडेचा माणूस थोडा ताणलेला दिसतो, म्हणून अंगाने भरलेल्यांना मधे उभं करावं.

मुख्य फरक आहे तो हात हलण्याचा. सोनीमध्ये ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे. सूक्ष्म जायरो हाताची थरथर मोजतो आणि लेन्समधला एक घटक उलट दिशेने सरकवून प्रतिमा जागेवर धरतो. इक्सस १८५ मध्ये ही सोय नाही. (त्याच वर्षीच्या इक्सस १९० मध्ये आहे, १० पट झूमसह. दुकानदार दोन्ही नावं सरमिसळ करतात, म्हणून कॅमेऱ्यावरचा आकडा स्वतः वाचावा.)

याचा अर्थ दिवे लागल्यावर कळतो. ट्यूबलाइटने नीट उजळलेलं एखादं दुकान घ्या. कॅनन झूम न करता एफ/३.२ वर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ला, साधारण १/५० सेकंदात फोटो काढतो. हातात धरून चालण्यासाठी अंदाजाचा नियम आहे: फिल्मच्या मापातली नाभीय लांबी जितकी, तितकावा सेकंदाचा भाग. २८ ला १/२८ सेकंद, म्हणजे १/५० सुखरूप. पण आयएसओ ८०० ला एवढ्याशा पिक्सेलवर दाणे फुटतात. केस लोकरीसारखे आणि चेहरा मेणासारखा होतो, कारण दाणे घालवायला कॅमेरा बारीक तपशीलही पुसून टाकतो. आयएसओ २०० ला आणलं तर १/१२ सेकंद लागतो. इथे कॅनन हलतो आणि सोनी सहज धरून ठेवतो. म्हणजे स्थिर वस्तूचा स्वच्छ फोटो हातात धरून सोनीच देतो. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. पळणारं पोर थांबवायची ताकद कोणत्याही स्टॅबिलायझेशनमध्ये नाही.

त्याच दुकानात पूर्ण झूम करून पाहा. एफ/३.२ चा एफ/६.९ झाला की प्रकाश साडेचार पटींहून जास्त घटतो. आयएसओ ८०० लाही १/११ सेकंद लागतो, आणि गरज असते १/२२४ ची, म्हणजे वीस पट कमतरता. दोन-तीन टप्पे, म्हणजे चार ते आठ पट वेळ सांभाळणारं सोनीचं स्टॅबिलायझेशनही इथे पुरत नाही. अंधार पडल्यावर झूमच्या बटणाला हात लावू नये. चार पावलं पुढे जावं.

मग कॅनन घ्यायचाच कशाला? यात्रेत होम मैदानावर होणाऱ्या शोभेच्या दारूकामासाठी. इक्ससच्या मोडच्या यादीत ‘लाँग शटर’ नावाचा मोड आहे आणि त्यात १ ते १५ सेकंदांपर्यंत वेळ आपण ठरवू शकतो. सोनीत आतषबाजीचा तयार मोड आहे, पण शटरचा वेळ आपल्या हाती नसतो आणि तो दोनेक सेकंदांपलीकडे जात नाही. बाण वर चढताना पडणारी रेघ आणि फुटल्यावरचा फुलोरा दोन्ही एकाच फोटोत हवे असतील तर ३ ते ४ सेकंद लागतात.

कॅमेरा तिपाईवर बसवा. दोन्हींच्या तळाला नेहमीच्या स्क्रूची जागा आहे. झूम नको. फ्लॅश बंद. सेल्फ-टायमर २ सेकंदांवर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का ओसरतो. वेळ ४ सेकंद, बाण सुटल्याचा आवाज यायच्या बेतात बटण दाबायचं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत फोटो काढून घ्या. वारा नसेल तर नंतर धूर साचतो आणि प्रत्येक फुलोऱ्याभोवती मळकट ढग दिसतो. ८ सेकंदांच्या पुढे जाऊ नका, एकावर एक दारू फुटून मधला भाग पांढरा फटक होतो. आणि प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा काही क्षण अडून बसला तर बिघडला असं समजू नका. शटर मिटून तो सेन्सरचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाट मोजतो आणि फोटोतून वजा करतो. तापमान सहा ते आठ अंश चढलं की हा गोंगाट साधारण दुप्पट होतो. जानेवारीतल्या रात्री तो किरकोळ असतो. मे महिन्यात याच फोटोत रंगीत ठिपके मोजून घ्यावेत.

व्हिडिओ काढताना दिव्यातून वर-खाली जाणारी एक उजळ उभी रेघ दिसेल. ती सीसीडीची सवय. सीसीडीत प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार शेजारच्या पिक्सेलकडे ढकलत ढकलत रांगेने बाहेर नेला जातो, विहिरीवर हातोहात बादल्या द्याव्यात तसा. एक बादली ओसंडत असेल तर त्या ओळीतल्या सगळ्या भिजतात. फोटो काढताना यांत्रिक शटर मिटतं म्हणून तिथे ही रेघ सहसा उतरत नाही. (१९६९ मध्ये बेल लॅबमध्ये सीसीडीची कल्पना मांडणाऱ्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना २००९ चं नोबेल मिळालं.) हल्ली ‘सीसीडीचे रंग वेगळेच’ म्हणून जुन्या कॅमेऱ्यांना भाव चढतो. रंग सेन्सरवरच्या रंगीत गाळणीवर आणि कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेवर ठरतात. त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

यात्रेतल्या भोगीच्या अक्षता सोहळ्याला अडचण उलटी असते. ऊन लख्ख, आणि चौकटीत पांढऱ्या बाराबंद्याच बाराबंद्या. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या छटेचं आहे असं गृहीत धरतो. पांढरं जास्त दिसलं की तो उजेड कमी करतो, बाराबंदी राखाडी होते आणि चेहरे काळे पडतात. उपाय दोन्ही कॅमेऱ्यांत सारखाच. पूर्ण ऑटोऐवजी प्रोग्राम मोड घ्यायचा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +०.७ करायचं. चेहरे उजळले तरी कापडाच्या घड्या दिसल्या पाहिजेत. घड्या गेल्या तर +०.३ वर या.

हे सगळं पडद्यावर तपासताना एक फसगत होते. दोन्ही पडदे २ लाख ३० हजार ठिपक्यांचे आहेत. त्याला लाल, हिरवा, निळा अशा तिनाने भागा, उरतात जेमतेम ३२० गुणिले २४०. वीस मेगापिक्सेलचा फोटो पाऊण लाख ठिपक्यांत कोंबला की हललेला फोटोसुद्धा धारदार वाटतो. सोलापुरी चादर समोर धरून फोटो काढलात तर पडद्यावर चादरीच्या नक्षीत नसलेले लाटांसारखे पट्टे दिसतील. फोटो मोठा करून पाहिला की ते नाहीसे होतात. विणीची बारीक पुनरावृत्ती आणि पडद्याची ठिपक्यांची जाळी एकमेकांवर पडल्याने ते उमटतात, फोटोत ते नसतात. प्रत्येक महत्त्वाचा फोटो मोठा करून, समोरच्याच्या डोळ्यांपाशी नेऊन पाहिल्याशिवाय पुढे सरकू नये.

तीच चादर वापरलेला कॅमेरा तपासायलाही उत्तम. भिंतीवर ताणून लावा, कॅमेरा बरोबर समोर टेकवून ठेवा, एक फोटो झूम न करता आणि एक पूर्ण झूमवर. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर चालेल, लेन्स स्वस्त आहे. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा कधीतरी पडला आहे आणि लेन्स तिरकी झाली आहे. तो घेऊ नका. मग पूर्ण झूमवर कोऱ्या आकाशाचा फोटो. त्यात करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे, आणि ती काढायला कॅमेरा पूर्ण उघडावा लागतो. सोनीची खास परीक्षा वेगळी: दुकानात फ्लॅश बंद, आयएसओ २००, झूम न करता, लागोपाठ दहा फोटो. एकही नीट येत नसेल किंवा पडद्यावर ‘ई:६२’ ने सुरू होणारा संकेत आला तर स्टॅबिलायझेशन गेलं आहे, आणि मग सोनी घेण्याचं कारणच उरत नाही. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगली आहे. कॅननला एनबी-११एल लागते आणि वेगळा चार्जर हवा. सोनीची एनपी-बीएन कॅमेऱ्यातच चार्ज होते, तिची केबल सोबत मागून घ्या.

दोन्ही कंपन्या वापरासाठी ० ते ४० अंशांची मर्यादा सांगतात. सोलापूरचा मे त्या मर्यादेबाहेर जातो, म्हणून दुपारी स्कूटरच्या डिकीत कॅमेरा ठेवायचा नाही आणि चार्जिंग रात्री करायचं. शिवाय आत-बाहेर सरकणारी लेन्सची नळी भात्यासारखी हवा ओढते. यंत्रमागाच्या खात्यात कापसाचं तूस उडत असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. आत जाण्याआधी बाहेरच एकदा सुरू करा, काम संपेपर्यंत लेन्स बाहेरच राहू द्या, आणि बंद करण्याआधी नळीवरचं तूस मऊ ब्रशने झटका. फुंकर नको, तिच्यासोबत थुंकीचे थेंब जातात.