अवजड वाहनांजवळ सायकल चालवणे (खानदेश)

ट्रक, ट्रेलर, टँकर, डंपर यांच्या आसपास सायकल चालवताना सायकलस्वाराने घ्यायची काळजी. सुरत–नागपूर (राष्ट्रीय महामार्ग 53) आणि इंदूर–सोलापूर (52) हे अवजड वाहतुकीचे दोन मार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. मजूर, दूधवाले आणि शाळकरी मुले त्याच रस्त्यांवरून सायकलने ये-जा करतात. अपघातात दोष कोणाचा, हा कायद्याचा प्रश्न वेगळा. चालकाला सायकल दिसणारच नाही अशा जागा सायकलस्वाराला आधी ओळखता येतात आणि तिथून बाजूला होणे त्याच्या हाती असते. या नोंदीतील काळजी तेवढ्यापुरती आहे.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून ट्रकची डावी बाजू सर्वांत धोक्याची. डाव्या दरवाजालगतची जागा, केबिनच्या अगदी पुढचा दीड-दोन मीटरचा पट्टा आणि मागच्या फाळक्याला चिकटलेली जागा चालकाला दिसत नाही. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. चेहरा दिसला म्हणजे त्याने आपल्याला पाहिलेच असेही नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याकडे) जाणाऱ्या गाड्यांचा माल दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला असतो, त्यामुळे आरसेही झाकले जातात. डावीकडे डोकावणारा क्लीनर सोबत नसला तर ती बाजू पाहणारे कोणीच उरत नाही.

सर्वाधिक घात होतो तो डाव्या वळणावर. लांब गाडी वळण बसावे म्हणून आधी थोडी उजवीकडे जाते. डावीकडे मोकळी जागा पडते आणि सायकलस्वार तीत शिरतो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता कोपऱ्याकडून, आतून कापत जातात. ट्रेलरच्या बाबतीत हा फरक मीटर-दोन मीटरच्याही पुढे जातो. ती मोकळी जागा मिटते आणि सायकल मागच्या टायरांखाली ओढली जाते. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर भुसावळकडून येऊन अजिंठ्याकडे वळणाऱ्या गाडीच्या डावीकडून कधीच पुढे काढू नये. तिच्या मागे तीन-चार मीटर थांबावे, ती पूर्ण वळू द्यावी. इंडिकेटरवर विसंबू नये, तो बंदही असतो. पुढची चाके कुठे वळली आहेत ते पाहावे. सिग्नलला उभ्या ट्रकच्या अगदी पुढ्यात सायकल लावणेही टाळावे.

ताशी 60 किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच 20-25 मीटर सरतात, भरलेली गाडी थांबायला त्यापुढे आणखी बरेच अंतर लागते. ‘हात दाखवला म्हणजे थांबेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

जवळून जाणारा ट्रक वाऱ्याच्या झोताने सायकल आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. हँडल घट्ट धरावे पण कोपर सैल ठेवावेत, त्या क्षणी ब्रेक दाबू नये. डांबराच्या अगदी कडेने चालवणेही घातक: चाक मुरमाच्या पट्टीवर घसरले आणि तसेच तिरके वर चढवू पाहिले, तर सायकल रस्त्यावर आडवी होते. समोरून दोन ट्रक एकमेकांना ओलांडताना दिसले की वेग कमी करून आधीच खाली उतरावे, दोन्ही गाड्या गेल्यावर थांबून सायकल उचलून वर घ्यावी.

लळिंग घाटासारख्या चढावर ट्रकची साखळी धरून जाण्याची पोरांची सवय जीवघेणी आहे. गिअर बदलताना बसणाऱ्या झटक्यानेच तोल जातो. उन्हाळ्यात रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेल्या) टायरचा पट्टा सुटून उडतो, म्हणून चाकांच्या रेषेत, बाजूला लागून चालू नये.

अंधारात मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लागतो. डायनामोचा दिवा थांबताच विझतो, म्हणून मागे बॅटरीचा दिवा बरा. पॅडलचे पिवळे परावर्तक वर-खाली हलत असल्याने लांबून चटकन नजरेत भरतात. कॅरिअरवर गवताचा भारा असेल तर मागचा दिवा झाकला जातो, तो भाऱ्याच्या मागच्या बाजूला बांधावा.