दगड हलका हवा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाच्याने पिशवीतून तीन दगड काढून गच्चीच्या कठड्यावर मांडले. "मामा, टाकीला ह्यातला कुठला चालतंय?"

त्याला खाऱ्या पाण्याची टाकी करायची होती, प्रवाळांची. समुद्र गाठायला सह्याद्री ओलांडावा लागतो अशा सोलापुरात! पण हौसेला मोल नसतं. एक दगड विहिरीच्या खोदकामातला काळा पाषाण, दुसरा फुटक्या शहाबादी फरशीचा तुकडा, तिसरा शेताच्या बांधावरचा चुनखडीचा गोटा.

तिन्हींवर व्हिनेगरचे थेंब टाकले. काळा पाषाण ढिम्म. फरशीच्या तुटक्या कडेवर बारीक बुडबुडे आले. चुनखडी मात्र सोडा टाकल्यासारखी फसफसली. फसफसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, आणि प्रवाळांचे सांगाडेही त्याचेच असतात. भाचा खूश. "म्हंजे शहाबादी चालतंय की!"

तो अगदीच चुकत नव्हता. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. शहाबादी त्याहूनही कितीतरी जुनी आणि उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची. आई जिच्यावर बसून शेंगा फोडते, ती फरशी एकेकाळी समुद्राचा तळ होती. तरीही मी नको म्हटलं. असा दगड विरघळत राहतो आणि प्रवाळांना कॅल्शियम पुरवतो, असं पुष्कळांना वाटतं. पण समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे घटक आधीच भरपूर असतात. तिथे हा दगड जवळजवळ विरघळतच नाही.

दगड लागतो तो जिवाणूंना राहायला. मासे अमोनिया सोडतात, आणि तो त्यांनाच विषारी. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही मंडळी ऑक्सिजन असेल तिथे, दगडाच्या पृष्ठभागावर नांदतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांवाटे निघून जातो. थोडक्यात, टाकीचा मैला साफ करणारं खातं दगडाच्या पोटात चालतं. म्हणून दगड हवा जाळी पडलेल्या अनारशासारखा, आरपार छिद्रांचा. शहाबादी घट्ट, काळा पाषाण त्याहून घट्ट.

हे घरी तपासता येतं. कोरडा दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, रात्रभर बुडवून ठेवा, वरून पुसून पुन्हा तोला. जितकं वजन वाढेल तितकं पाणी आत शिरलं. आमच्या काळ्या पाषाणाचा आकडा जेमतेम हलला. चुनखडी बरीच प्यायली, पण बादलीच्या तळाशी मातीचा थर सोडून बसली. तीही बाद, आणि केवळ मातीमुळे नव्हे. शेतात वर्षानुवर्षं खत पडतं आणि असा दगड त्यातलं फॉस्फेट धरून ठेवतो. टाकीत ते हळूहळू सुटतं आणि काचेवर शेवाळाचं रान माजतं.

समुद्रातून थेट आणलेला जिवंत दगड, म्हणजे लाईव्ह रॉक, आपल्याकडे विचारातही घेऊ नका. रीफ, म्हणजे प्रवाळांचे खडक, बांधणारे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून आणायचा नाही. उरतात सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून बनवलेले दगड. सिमेंटचा दगड सामू फार चढवतो. पाणी बदलत तो कित्येक आठवडे भिजत ठेवावा लागतो, आणि घाई करणाऱ्याचे मासे मरतात. भाच्याने सिरॅमिक घेतलं. १०० लिटरला १० ते १२ किलो हा जुना हिशेब, पण दगड सच्छिद्र असेल तर त्याहून कमी पुरतो. एकाच आकाराचे दोन दगड हातात धरून हलका तो निवडायचा.

कोऱ्या दगडात जिवाणू नसतात, म्हणून विरजण लावावं लागतं. कुणाची टाकी वर्षभर नीट चालली असेल, तर तिच्यातला मूठभर दगड मागून आणा. सोबत एप्टेशिया नावाच्या लहान समुद्रफुलासारखी उपद्रवी पाहुणी येऊ शकते, तेव्हा आधी नीट निरखून घ्या. फक्त हे दह्यासारखं रात्रीत लागत नाही. हे जिवाणू दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात, त्यामुळे चार ते सहा आठवडे धरून चाला. तोवर थोडा अमोनिया घालायचा, मोजायचा आणि गप्प बसायचं. शेवटचं जमत असेल तरच ह्या नादाला लागावं.

वाळूच्या आधी दगड काचेवर टेकवून रचले, नाहीतर पुढे कोळंबी खालून उकरते आणि अख्खा डोंगर कोसळतो. मधल्या फटींतून पाणी खेळतं ठेवलं. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. तोवर सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार गेला होता आणि टाकीला तर २४ ते २७ अंशच हवेत. त्यामुळे पहिला मासा यायच्या आधी पाणी थंड ठेवणारा चिलर आला, दगडांपेक्षा कितीतरी महाग.

काळा पाषाण आईने ठेवून घेतला. लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब द्यायला तिला जड आणि पाणी न पिणारा दगड हवाच होता.