गिटार स्पीकर कॅबिनेटचे लाकूड

इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर ज्या खोक्यात बसवतात त्याच्या फळ्याही स्पीकरबरोबर थरथरतात आणि त्यांचा आवाज मूळ आवाजात मिसळतो. घरगुती हाय-फाय स्पीकरमध्ये हा दोष समजला जातो. तिथे खोके शक्य तितके मुके हवे असते. गिटारचे कॅबिनेट मात्र वाद्याचाच भाग मानतात. त्यामुळे लाकडाबद्दल वादकांची मते ठाम असतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच.

फळी कोणत्या कंप्रतेला थरथरेल हे तिचा ताठरपणा, वजन, जाडी आणि आकारमान यांवर ठरते. जाडी दुप्पट केली की नैसर्गिक कंप्रता जवळपास दुप्पट होते. फळी मोठी केली की ही कंप्रता झपाट्याने उतरते. गिटारचा सर्वांत खालचा सूर सुमारे 82 हर्ट्झचा असतो आणि खोक्याच्या फळ्या बहुधा त्याच्या वरच्या काहीशे हर्ट्झच्या टप्प्यात बोलतात. म्हणून लाकडाचा परिणाम मुख्यतः खर्जात आणि खालच्या मध्यभागात जाणवतो. वरची धार स्पीकरच्या कागदी शंकूची असते.

1950 च्या दशकातील फेंडर या अमेरिकन कंपनीची ट्वीड (जाड कापडाने मढवलेली) अॅम्प्लिफायर, ज्यांत स्पीकरही त्याच खोक्यात असे, अखंड पाइनच्या फळ्यांची होती. पाइन हलके आणि मऊ, सहज थरथरणारे. त्यात स्पीकर धरणारी पुढची फळी, म्हणजे बॅफल, पातळ प्लायवूडची असून ती चारही कडांनी आवळलेली नसे. त्यामुळे ती मोकळेपणी हलायची आणि आवाजाला ऊबदार, किंचित सैल घुमारा यायचा. पुढे 1960 च्या दशकात फेंडरने बॅफलसाठी पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा आणि कपच्या चिकटवून दाबलेली फळी) वापरायला सुरुवात केली.

लंडनच्या हॅनवेलमधील दुकानदार आणि ड्रमवादक जिम मार्शल यांच्याकडे 1962 मध्ये तयार झालेल्या अॅम्प्लिफायरचे सर्किट फेंडरच्याच बेसमन या अॅम्प्लिफायरवरून घेतलेले होते. खोके मात्र वेगळे: बेसमनमध्ये दहा इंची चार स्पीकर आणि पाठ उघडी, तर मार्शलच्या गाजलेल्या कॅबिनेटमध्ये सेलेस्शन या ब्रिटिश कंपनीचे बारा इंची चार स्पीकर, पाठ बंद आणि खोके बर्च प्लायवूडचे. बर्चचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ही फळी दोन्ही दिशांना ताठ असते आणि पाइनपेक्षा जडही. आवाज घट्ट येतो, खर्ज पसरत नाही. पाठीची मोठी फळी फार थरथरू नये म्हणून बॅफल आणि पाठ यांच्यामध्ये एक लाकडी खुंट दिलेला असतो. तो काढून वाजवले तर पाठीला लावलेल्या तळहाताला फरक लगेच कळतो.

या दोघांची तुलना करून ‘पाइन ऊबदार, बर्च घट्ट’ असे सांगण्याची पद्धत आहे. सांगणे चूक नाही, पण सगळे श्रेय लाकडाला देणे चूक आहे. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमध्ये मागून निघणारी लहर पुढच्या लहरीला खालच्या पट्टीत बरीच खोडून टाकते. तो फरक कोणत्याही लाकडापेक्षा मोठा. स्पीकर बदलणे किंवा मायक्रोफोन शंकूच्या मध्यावरून दोन बोटे कडेला सरकवणे याचाही परिणाम अधिक असतो. लाकडापुरते बोलायचे तर बाजूच्या फळ्यांपेक्षा बॅफलची जाडी आणि ती कशी आवळली आहे याला जास्त महत्त्व आहे.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त, जड आणि कंप लवकर जिरवणारे असतात. आवाज काहीसा कोरडा येतो, तरी सरसकट वाईट म्हणता येत नाही. खरी तक्रार टिकाऊपणाची: ओल लागली की कडा फुगतात, स्क्रूची भोके भुसभुशीत होतात, आणि दौऱ्यावर सतत उचल-ठेव होणाऱ्या कॅबिनेटचा कोपरा एकदा फुटला की त्यात पुन्हा स्क्रू धरत नाही.