हळू गाडीचा तोल कुठून येतो?

रेल्वेचं फाटक उघडलं की भुसावळ-जळगाव पट्ट्यात एक गोष्ट हमखास दिसते. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, रिक्षा एकदमच घुसतात आणि सगळा रस्ता रांगायला लागतो. नवीन मोटारसायकल शिकलेली मंडळी दोन्ही पाय जमिनीला घासत पुढे सरकतात. त्याच गर्दीत एखादा दूधवाला, दोन्ही अंगांना भरलेले कॅन लटकवून, पाय फूटरेस्टवरून न उचलता निवांत निघून जातो. त्याच्याकडे जरा नीट बघा. हँडल क्षणभरही स्थिर नसतं, सारखं डावी-उजवी करत असतं. आणि मागचा लाल दिवा जवळजवळ सतत पेटलेला असतो. त्याच्या कौशल्याचं निम्मं शास्त्र या दोन गोष्टींत आहे.

थांबलेली गाडी पडते आणि धावती उभी राहते, याचं श्रेय आपण फिरत्या चाकांना देऊन मोकळे होतो. चाकांच्या फिरण्याचा परिणाम असतो, पण तो वेगाबरोबर वाढतो. माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीत तो नगण्यच. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक अजब सायकल बनवली. तिच्या चाकांच्या फिरण्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी पुसून टाकला होता. तरीही ढकलून सोडली की ती स्वाराविना तोल सांभाळत जायची. कारण ती ज्या बाजूला कलायची, त्याच बाजूला तिचं हँडल आपोआप वळायचं.

तळहातावर काठी उभी धरायचा खेळ सगळ्यांनी केलेला असतो. काठी कलेल तिकडे हात न्यायचा, म्हणजे टेकू पुन्हा तिच्या खाली येतो. मोटारसायकलही असाच टेकू शोधत असते. पण एक मोठी अडचण आहे. हात हवा तिकडे सरकतो, चाकं सरळ आडवी सरकू शकत नाहीत. आधी पुढे जायचं, जाता जाता वळायचं, तेव्हा कुठे ती वजनाखाली येतात. म्हणजे पुढे जाणं थांबलं की तोल सावरायचं साधनच हातातून गेलं.

आता हिशेब बघा. सव्वा मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी ताशी ४० किलोमीटरने जाताना पुढचं चाक फक्त एक अंश वळवलं, तरी चाकांना आडवं नेणारं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं मिळतं. हा परिणाम वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ५ किलोमीटरला वेग आठपट कमी, म्हणून तेच एक अंश वळवणं ६४ पट दुबळं. पहिल्याएवढा परिणाम हवा असेल तर चाक ४५ अंशांहून जास्त वळवावं लागेल. बहुतेक गाड्यांचं हँडल तेवढं वळतच नाही. महामार्गावर हँडल हलवल्याचं आपल्याला जाणवतही नाही आणि फाटकात मात्र मोठमोठे हेलकावे द्यावे लागतात, ते यामुळे. खांदे आवळून हँडल घट्ट धरणारा शिकाऊ नेमकी हीच हालचाल बंद पाडतो. कोपर सैल सोडा, एवढं एकच सांगायचं झालं तर मी हेच सांगेन.

दुसरी गरज अखंड जोराची. क्लच पूर्ण सोडला तर शंभर-सव्वाशे सीसीची गाडी पहिल्या गिअरला, रेस न देता, जेमतेम चालीच्या वेगाने जाते. त्याहून हळू गेलं की इंजिन आचके देतं. एका सिलिंडरचे ठोके चेनमधून थेट मागच्या चाकाला जाणवतात. अशा वेळी हाफ क्लच, म्हणजे अर्धाच सोडलेला क्लच, कामाला येतो. क्लचच्या प्लेटा अर्धवट घसरू दिल्या की ठोके मऊ होतात आणि जोर हवा तेवढाच पोचतो. यात क्लच जळेल ही भीती थोडी जास्तच घातली जाते. मोटारसायकलच्या प्लेटा सहसा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, मिनिटभराच्या सरावाने त्यांचं काही बिघडत नाही. तासभर घाटात तसंच ठेवणं मात्र वेगळं.

जोडीला मागचा ब्रेक, हलका. थोडी रेस आणि थोडा ब्रेक एकमेकांविरुद्ध ठेवले की चेन ताणलेली राहते, झटके जातात आणि वेग एका पायाने कमी-जास्त करता येतो. दूधवाल्याचा लाल दिवा पेटलेला असतो तो यासाठी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान कंबाइन्ड ब्रेक सक्तीचे झाले. अशा गाडीत पेडल जोरात दाबलं तर पुढचाही ब्रेक लागतो, म्हणून पाय हलकाच हवा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढणं हे नवख्यांच्या पडण्याचं हुकमी कारण. वळणात गाडी कललेली असते, तिला पडू देत नाही ते वळतानाचं गतीचं बळ. ब्रेकने गती क्षणात संपते, कल मात्र तसाच राहतो.

नजर कुठे आहे, यावरही तोल ठरतो. आपल्याच पुढच्या चाकाकडे पाहिलं की कल उशिरा कळतो आणि हातही नजरेमागे जातात. यू-टर्नला मान आधी वळवून जिथे निघायचं तिथे बघावं.

सरावाला बाजार समितीचं आवार सुटीच्या दिवशी उत्तम. मे महिन्यात मात्र सकाळी सातच्या आत, नंतर खानदेशातलं ऊन काही शिकू देत नाही. शाळेतल्या स्लो सायकलिंगसारखं, दोन ओळी विटा मांडून त्यांच्यामधून सगळ्यात उशिरा पोचायचं. मग मोठा इंग्रजी आठ, आणि जमला की थोडा लहान. लायसन्सच्या चाचणीत तो काढावाच लागतो, पण तिथे एकदा पाय न टेकता निघालं म्हणजे जमलं, असं मानू नये.

काळ्या मातीचा ओला गाडरस्ता हा वेगळा विषय. तिथे चाक वळतं पण मातीला धरत नाही आणि वळवलेलं चाक नांगरतच जातं. गोळे मडगार्डात अडकून चाक जाम होतं ते निराळंच. अशा रस्त्यावर हँडलचे मोठे हेलकावे उलटे पडतात. हात हलका, दुसरा गिअर, रेस एकसारखी. शक्य असेल तर डांबरी फिरून जावं.

चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना पुढच्या गाडीमागे थांबायची वेळ येतेच. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. क्लच इंजिनचा आवाज खाली येईपर्यंत सोडायचा, रेस वाढवायची आणि गाडी पुढे ओढ घेतेय हे जाणवलं की मग ब्रेक सोडायचा. ही ओढ येण्याची जागा प्रत्येक गाडीत निराळी, आणि क्लचची केबल ढिली झाली की ती सरकते. क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवतात, म्हणजे क्लचवर परिणाम होण्याआधी लिव्हर तेवढा सैल हलतो. तुमच्या गाडीत तो किती आहे ते आधी पाहा. मेकॅनिककडे दोन मिनिटांचं काम आहे.