रोमानियाची सरकारी दूरचित्रवाणी (१९५६–१९८९)

रोमानियातील कम्युनिस्ट राजवटीच्या काळात देशात दूरचित्रवाणी प्रक्षेपण करणारी एकमेव संस्था. नियमित प्रक्षेपणाचा आरंभ ३१ डिसेंबर १९५६ रोजी बुखारेस्ट येथून झाला. हुकूमशाहीतला सरकारी टीव्ही म्हटले की अष्टौप्रहर चालणारा प्रचार डोळ्यांपुढे येतो. रोमानियात मात्र हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कु यांच्या सत्तेच्या अखेरच्या पर्वात हा टीव्ही आकसत गेला आणि दिवसाकाठी दोन तासांवर आला.

१९६० च्या दशकाचा उत्तरार्ध त्या मानाने मोकळा होता. १९६८ मध्ये दुसरी वाहिनी सुरू झाली, पाश्चात्त्य मालिका आणि चित्रपटही दिसू लागले. १९७१ मध्ये चाउशेस्कु चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आले. तिथली व्यक्तिपूजा त्यांना भावली असावी, कारण परतल्यावर त्यांनी मांडलेल्या ‘जुलै प्रबंधां’नी संस्कृती आणि प्रसारमाध्यमे पुन्हा पक्षाच्या मुठीत आणली. नेत्याचे दौरे, भाषणे, त्याच्या स्तुतीची समूहगीते आणि कवने यांनी पडदा व्यापला. पुढे पत्नी एलेना यांचे गुणगानही त्यात आले.

१९८० च्या दशकात परदेशी कर्ज मुदतीआधी फेडण्याचा ध्यास सरकारने घेतला. अन्नधान्य निर्यात होऊ लागले, घरांतली वीज आणि उष्णता तोडली जाऊ लागली. वीजबचतीचे कारण देऊन १९८५ मध्ये दुसरी वाहिनी बंद झाली. हंगेरियन आणि जर्मन अल्पसंख्याकांसाठीचे त्यांच्या भाषांतले कार्यक्रमही थांबले. एरवीच्या दिवशी प्रक्षेपण रात्री ८ ते १० एवढेच उरले, सुटीच्या दिवशी थोडे अधिक. त्या दोन तासांतही बातम्यांचा आणि करमणुकीचा मोठा भाग नेत्याच्या वाट्याला जाई. मुलांसाठीची कार्टून मिनिटांत मोजावी लागत.

लोकांनी आपली वाट काढली. डॅन्यूबपलीकडचा बल्गेरिया बुखारेस्टपासून जवळ असल्याने राजधानीतल्या इमारतींच्या छपरांवर दक्षिणेकडे तोंड केलेले अँटेना उभे राहिले. चित्रपट आणि फुटबॉल सामने पाहता पाहता अनेकांना बल्गेरियन कळू लागली. पश्चिमेकडच्या तिमिश्वारात युगोस्लाव्हिया आणि हंगेरीचा टीव्ही दिसे. व्हीसीआरवर चोरून आणलेले पाश्चात्त्य चित्रपट शेजारीपाजारी मिळून पाहत. त्यांतल्या हजारो चित्रपटांतले सगळ्या पात्रांचे संवाद इरिना मार्गारेता निस्तोर या एकाच बाईच्या आवाजात रोमानियनमध्ये ऐकू येत. त्या सरकारी टीव्हीतच अनुवादक होत्या, ही गोष्ट त्या व्यवस्थेबद्दल पुष्कळ सांगून जाते. बातम्यांसाठी म्युनिकहून येणारे, अमेरिकेच्या पैशावर चालणारे ‘रेडिओ फ्री युरोप’ हे नभोवाणी केंद्र होतेच.

डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारात निदर्शकांवर गोळीबार झाला, तेव्हा सरकारी टीव्ही गप्प राहिला. २० डिसेंबरच्या संध्याकाळी इराणहून परतलेल्या चाउशेस्कु यांनी टीव्हीवरूनच निदर्शकांना गुंड आणि परक्यांचे हस्तक ठरवले. दुसऱ्या दिवशी बुखारेस्टमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या इमारतीसमोर सभा भरवून तिचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. गर्दीतून आरडाओरडा उठला, बाल्कनीतले चाउशेस्कु बोलता बोलता गोंधळून थांबले आणि काही मिनिटे प्रक्षेपण तुटले. ते पुन्हा जोडले गेल्यावर त्यांनी किमान वेतन २,००० लेईंवरून (लेई हे रोमानियाचे चलन) २,२०० लेई करण्याचे जाहीर केले. पण हा माणूस घाबरला आहे हे तोवर देशाने पाहिले होते. वर्षानुवर्षे एवढ्या कसोशीने आखलेल्या पडद्यावर त्या काही मिनिटांनी जे केले, ते कोणत्याही परदेशी प्रचाराला जमले नव्हते असे मला वाटते.

२२ डिसेंबरला दुपारी चाउशेस्कु हेलिकॉप्टरने पळाले. तासाभरातच कवी मिर्चा दिनेस्कु आणि अभिनेते इऑन कारामित्रु जमावासह स्टुडिओत आले आणि हुकूमशहा पळाल्याची बातमी त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितली. संस्था ‘स्वतंत्र रोमानियन दूरचित्रवाणी’ म्हणवू लागली. सत्ता हाती घेणारे इऑन इलिएस्कु आणि त्यांच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे नवे नेतृत्वही देशाला याच पडद्यावर दिसले. एकच वाहिनी असलेल्या देशात स्टुडिओ हाती असणे म्हणजे जवळजवळ सत्ता हाती असणेच होते.

मात्र शहानिशा न करता बातम्या देण्याची मोठी किंमत मोजावी लागली. अज्ञात ‘दहशतवादी’ हल्ले करत आहेत, पाण्यात विष कालवले आहे, अशा वार्ता तासन्‌तास सांगितल्या गेल्या. घाबरलेले सैनिक आणि शस्त्रे मिळालेले नागरिक एकमेकांवर गोळ्या झाडत राहिले. दूरचित्रवाणी केंद्राभोवतीही दीर्घ चकमकी झाल्या. क्रांतीतल्या १,१०४ मृतांपैकी ९४२ जण चाउशेस्कु पळाल्यानंतर मरण पावले. २५ डिसेंबरला तर्गोव्हिश्ते येथे घाईघाईचा खटला चालवून चाउशेस्कु दांपत्याला गोळ्या घालण्यात आल्या, त्याची दृश्येही याच टीव्हीने दाखवली. २०१९ मध्ये लष्करी अभियोक्त्यांनी इलिएस्कु यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोपपत्र दाखल केले, त्यात टीव्हीवरून पसरवलेली दिशाभूल हा एक प्रमुख मुद्दा होता.